फार्म.डी. नंतर हॉस्पिटल फार्मासिस्टला एक वर्षाची रेसिडेन्सी: कोल्हापुरात सुरू व्हावी का?

वॉर्डातला फार्मासिस्ट (धागाकर्ता)

एमबीबीएसनंतर एमडी करणारा डॉक्टर तीन वर्षं रेसिडेंट म्हणून वॉर्डात घासला जातो. औषध हाच ज्याचा विषय, त्या फार्मासिस्टसाठी आपल्याकडे पदवीनंतर अशी रीतसर सोय नाही. अमेरिकेत फार्म.डी. (डॉक्टर ऑफ फार्मसी) नंतर पीजीवाय-१ (पदवीनंतरचं पहिलं वर्ष) ही १२ महिन्यांची रेसिडेन्सी असते आणि आयसीयू किंवा कॅन्सरसारखा एकच विषय धरायचा तर पीजीवाय-२ चं आणखी एक वर्ष. परवान्यासाठी ती सक्तीची नाही, पण मोठ्या हॉस्पिटलात क्लिनिकल काम हवं तर तिच्याशिवाय अवघड जातं.

माझं म्हणणं, आपल्या जिल्ह्यात तिची जास्त गरज आहे. सीपीआरला (कोल्हापूरचं सरकारी हॉस्पिटल) आणि शहरातल्या मोठ्या खासगी हॉस्पिटलांना शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी, शिवाय कोकणातून आणि निपाणीकडून पेशंट येतात. कीटकनाशक पोटात गेलेला पेशंट घ्या. त्यावरचा उतारा ॲट्रोपिन, त्याचा पहिला डोस १.८ मिग्रॅ, म्हणजे ०.६ च्या ३ ॲम्प्युल. छातीतली घरघर थांबली नाही तर दर ५ मिनिटांनी डोस दुप्पट: ३, ६, १२, २४. पंधरा मिनिटांत ४५ ॲम्प्युल एका पेशंटला! रात्री कॅज्युअल्टीच्या कपाटात किती असाव्यात, मध्यरात्री स्टोअर कोण उघडणार, घाम आणि स्राव आटल्यावर इन्फ्युजनवर (शिरेतून सतत थेंब-थेंब) कधी जायचं, हे पुस्तकात वाचून हाताला लागत नाही. ही कामं पगारी, जबाबदारीची सही असलेल्या रेसिडेंटने वर्षभर करावीत.

राजारामपुरी ७वी गल्ली

विरोध. २००८ च्या नियमांप्रमाणे फार्म.डी. सहा वर्षांचा आहे आणि त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिपच आहे: सहा महिने मेडिसिन आणि बाकी तीन विभागांत दोन-दोन महिने. त्या वर्षात मुलं नीट तयार होत नसतील तर ते वर्ष दुरुस्त करा. त्यावर सातवं वर्ष चढवून काय साधणार? पोरगं पंचविशीला येतं, घरच्यांनी फीसाठी कर्ज काढलेलं असतं आणि पुढे नोकरी कुठली, तर मेडिकल स्टोअरच्या काउंटरची किंवा कंपनीत फार्माकोव्हिजिलन्सची (औषधांच्या दुष्परिणामांच्या नोंदींची), तीही पुण्यात. हॉस्पिटलांना फक्त स्वस्तातली नाइट ड्युटी मिळेल. पाटीवर रेसिडेन्सी आणि काम स्ट्रिपा मोजायचं, असंच होणार.

डोस बघणारी

सर, नाइट ड्युटीची भीती खरी आहे. पण इंटर्न आणि रेसिडेंट यांत फरक आहे. इंटर्न राउंडला मागे उभा राहतो, केसशीट उतरवतो, संध्याकाळी प्रेझेंटेशन देतो. दुसऱ्या दिवशी त्याच पेशंटचं काय झालं याचं उत्तर त्याला कुणी मागत नाही.

एक उदाहरण देते. ७० वर्षांची, ४५ किलोची बाई, क्रिएटिनिन १.०. रिपोर्टवर सगळं नॉर्मल. किडनी मिनिटाला किती मिली रक्त क्रिएटिनिनपासून साफ करते याचा हिशेब करा: १४० वजा वय ७०, गुणिले ४५ म्हणजे ३१५०. भागिले ७२, आले ४३.७५. बाई म्हणून गुणिले ०.८५, उत्तर ३७. म्हणून मेरोपेनेम हे अँटिबायोटिक १ ग्रॅम दर ८ तासांऐवजी दर १२ तासांनी. इथपर्यंत परीक्षेत सगळ्यांना येतं. पण पेशंट सेप्सिसमध्ये (जंतुसंसर्गाने अवयव निकामी होऊ लागलेला) असेल आणि क्रिएटिनिन रोज हलत असेल तर हे सूत्रच लंगडं पडतं. पहिल्या ४८ तासांत किडनी सावरू शकते आणि घाईने डोस कमी केला तर जंतूंना मोकळं रान मिळतं. उलट तिसऱ्या दिवशी कुणी परत हिशेब केला नाही तर जास्तीचा डोस तसाच चालू राहतो आणि फिट येण्याची शक्यता वाढते. कधी थांबायचं आणि कधी फिजिशियनला फोन करून डोस बदलायला सांगायचं, हे तोच पेशंट रोज बघितल्याशिवाय कळत नाही. इंटर्नशिपमधले विभागाचे दोन-दोन महिने त्याला पुरत नाहीत.

सिस्टर इन्चार्ज

तुमची सगळी चर्चा मेडिकल कॉलेजच्या आयसीयूभोवती फिरते आहे. चुका होतात त्या ३० खाटांच्या हॉस्पिटलात, जिथे डी.फार्म. (फार्मसीचा डिप्लोमा) झालेला एकच मुलगा आणि आमच्या दोन सिस्टर असतात.

केसीएलची (पोटॅशियम क्लोराइड) १० मिलीची ॲम्प्युल बघा: १५ टक्के, म्हणजे २० मिलीइक्विव्हॅलंट पोटॅशियम. ट्रेमध्ये डिस्टिल्ड वॉटरच्या शेजारी ठेवली की घाईत हात चुकतो. आणि ती टांगलेल्या बाटलीत सोडून बाटली तशीच ठेवली तर जड द्रावण खाली बसतं आणि पेशंटच्या शिरेत सुरुवातीलाच घट्ट पोटॅशियम जातं. बाटली खाली काढून आठ-दहा वेळा उलटीपालटी करायची आणि हाताच्या शिरेतून तासाला १० मिलीइक्विव्हॅलंटच्या वर सोडायचं नाही. सेफ्ट्रिॲक्सोन हे अँटिबायोटिक आरएलच्या (रिंगर लॅक्टेट सलाइन) लाइनमध्ये दिलं तर कॅल्शियमशी साका धरतो. फिटवरचं फेनिटॉइन डेक्स्ट्रोजमध्ये टाकलं की खडे, ते नॉर्मल सलाइनमध्येच. हे सांगायला सहा अधिक एक वर्षाचा माणूस लागत नाही. डी.फार्म.च्या ५०० तासांच्या ट्रेनिंगवर नुसते शिक्के बसतात. ते खरोखर करून घ्या आणि केसीएल वॉर्डातून उचलून फार्मसीत कुलपात ठेवा. माझा विरोध रेसिडेन्सीला नाही, क्रमाला आहे. आधी पाया.

वॉर्डातला फार्मासिस्ट

सिस्टर, केसीएलचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण ते वॉर्डातून उचलायचं म्हणजे फार्मसीने मिसळलेली, लेबल लावलेली बाटली रात्री दोनलाही द्यायला हवी. नाहीतर आठवड्यात ॲम्प्युल परत ट्रेमध्ये येतात, कारण पेशंटला औषध तर हवंच असतं. ते मिसळणार कोण, दुसऱ्याने तपासून सही कोण करणार, तीस खाटांच्या हॉस्पिटलातल्या एकट्या मुलाला शिकवणार कोण? रेसिडेन्सीतून तोच माणूस तयार व्हावा. वर्षातला एक महिना तालुक्याच्या हॉस्पिटलांत जाऊन ट्रे, फ्रिजची २ ते ८ अंशांची नोंद आणि इमर्जन्सी स्टॉक तपासायचा, असं वेळापत्रकातच घाला.

बिलिंग काउंटर

पैशाचं कुणीच बोलेना म्हणून लिहितो. पेशंटच्या बिलात फार्मासिस्टच्या सल्ल्याची ओळच नसते. रेसिडेंटला वर्षभर जगण्यापुरतं विद्यावेतन आणि त्याला शिकवणाऱ्या सीनियरचा वेळ, हा खर्च मालकाने कशातून काढायचा? महात्मा फुले योजनेचं पॅकेज ठरलेलं, त्यात वाढीव काही मिळत नाही.

डोस बघणारी

पॅकेज ठरलेलं आहे म्हणूनच रेसिडेंट परवडतो! पॅकेजमध्ये औषधाचा खर्च हॉस्पिटलच्या खिशातून जातो. लिनेझोलिड आणि मेट्रोनिडाझोल ही अँटिबायोटिक्स तोंडाने घेतलं तरी जवळजवळ पूर्ण अंगी लागतं. पेशंट जेवतोय, उलटी नाही, ताप उतरतोय, तरी शिरेतून चालू ठेवायचं म्हणजे बाटली, सेट, सिस्टरचा वेळ आणि सुईच्या जागी सूज. रोज सकाळी ही यादी काढून डॉक्टरांपुढे ठेवणं हे रेसिडेंटचं पहिल्या तासाचं काम. तीन महिने नोंद ठेवा: किती पेशंट गोळीवर आले, किती रुपये वाचले. मग मालकाशी बोला.

राजारामपुरी ७वी गल्ली

मॅडम, हे पटलं. तरी माझी अट कायम आहे. फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्सच्या २०२१ च्या दुरुस्तीत क्लिनिकल फार्मासिस्टचं पद आलं, पण जाहिरातीत ते दिसतं का? जे हॉस्पिटल रेसिडेन्सी काढेल त्याने आधी निदान एक कायम पद भरावं. त्या पदावरचा माणूसच शिकवेल. शिकवणारा नसताना रेसिडेंट घेतले तर मुलं एकमेकांना बघून चुकाच शिकतील. काउंटरची ड्युटी आठवड्यात एकच, तीही लेखी. सुचवलेल्या प्रत्येक बदलाची डॉक्टरांच्या सहीसह नोंदवही. एवढं लिहून देणारं हॉस्पिटल मिळालं तर माझा विरोध मागे.

सिस्टर इन्चार्ज

आणि त्या वहीत एक रकाना आमचाही ठेवा. औषध पोचायला उशीर झाला तर कुठे अडलं ते आम्हाला आधी कळतं.