सार्यान म्हणे ‘सरकारी कॅलेंडरवाला’!

कुंचलेकर
काल एकांनी आर्मेनियाची राजधानी येरेवानच्या सहलीचे फोटो टाकले, खाली शेरा: “चित्रकार मार्तिरोस सार्यानचं संग्रहालय पाहिलं. नारिंगी डोंगर, निळ्या सावल्या, जिकडे तिकडे उत्सव. सोव्हिएत सरकारला हवं तसं कॅलेंडर काढून दिलं आणि बक्षिसं लाटली.” वाचून डोकंच फिरलं.

अहो, तो रंग सरकारी कोठारातून आलेला नाही. १९१० साली कॉन्स्टँटिनोपलची, म्हणजे आजच्या इस्तंबूलची, भर दुपारची गल्ली काढलीय त्यानं, पुठ्ठ्यावर, टेम्परा रंगांत. दोन्हीकडे तापलेल्या भिंती, मध्ये निळ्या आकाशाची चिंचोळी पट्टी, खाली माणसं नुसत्या दोन-चार फटकाऱ्यांत. पुढच्या वर्षी इजिप्त, १९१३ला इराण. तेव्हा कुठलं सोव्हिएत सरकार? १९१५मध्ये तो एचमियाद्झिनला, आर्मेनियन चर्चच्या मुख्य ठाण्याला गेला, ऑटोमन (तुर्की) मुलखातल्या कत्तलीतून वाचलेले आर्मेनियन निर्वासित तिथे येऊन पडले होते. ते पाहून आलेला माणूस डोंगर असे धगधगीत रंगवतो, त्याला तुम्ही उत्सव म्हणता? मला तो हट्ट वाटतो.

पायी_भटक्या
माझ्या एका ओळीच्या शेऱ्यावर एवढा निबंध! धन्य झालो. आता हिशेब बघा. सोव्हिएत आर्मेनियाच्या राजचिन्हाच्या आराखड्यात हा. १९४१ला स्टालिन पारितोषिक, ‘अल्मास्त’ ऑपेराच्या नेपथ्यासाठी. १९६१ला लेनिन पारितोषिक. १९६७ला हयातीतच स्वतःचं संग्रहालय. आणि ज्या चारेन्त्स कवीचं पोर्ट्रेट यानं १९२३ला काढलं, तो १९३७ला तुरुंगात मेला. तेव्हा साहेब काय बोलले?

बोर्डवाल्याचा_मुलगा
१९३७मध्ये बोलून दाखवायचं? उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं हो. त्यानं काढलेली कितीतरी पोर्ट्रेट्स त्या काळात जाळली गेली, कारण ते चेहरे ‘जनतेचे शत्रू’ ठरले. १९४८मध्ये त्याच्यावरही ‘फॉर्मॅलिस्ट’, म्हणजे आशय सोडून नुसत्या रूपाच्या मागे लागलेला, म्हणून शिक्का मारलाच.

माझे वडील एका सरकारी खात्यात बोर्ड रंगवायचे. आणीबाणीत वीस कलमी कार्यक्रमाचे बोर्ड रंगवले त्यांनी, निमूट. रविवारी मात्र सायकलवर डबा टाकून माळावर जायचे आणि गवत रंगवत बसायचे. त्या गवतावरही सरकारी शिक्का मारणार का तुम्ही?

पायी_भटक्या
तुमच्या वडिलांबद्दल आदर आहे. पण त्यांना कुणी लेनिन पारितोषिक दिलं नव्हतं.

बोर्डवाल्याचा_मुलगा
वडिलांवर जाऊ नका. सांगून ठेवतोय.

लाटाप्रेमी
भांडा तुम्ही. मुळात आर्मेनियाचा सगळ्यात मोठा निसर्गचित्रकार आयवाझोव्स्की, यावर कुणी बोलतच नाही. सहा हजारांच्या आसपास चित्रं! त्याच्या लाटेतून उजेड आरपार येतो. सार्यानचा डोंगर त्यापुढे सपाट.

कुंचलेकर
ताई, आयवाझोव्स्की आर्मेनियाचा कसा? जन्म १८१७, क्रिमियातल्या फिओदोसियाचा. १८४४पासून रशियन नौदलाचा अधिकृत चित्रकार. ‘सरकारी’ म्हणायचंच तर आधी त्याला म्हणा.

लाटाप्रेमी
आईबाप आर्मेनियन, पाळण्यातलं नाव होव्हान्नेस, पुरलंय आर्मेनियन चर्चच्या आवारात, थडग्यावर आर्मेनियन अक्षरं. आरारात डोंगरावरून उतरणारा बायबलमधला नोहा काढला तो १८८९ला. ऑटोमन सुलतानांनी दिलेली पदकं १८९०च्या दशकातल्या आर्मेनियनांच्या कत्तलींनंतर समुद्रात भिरकावली, असं सांगतात. अजून काय दाखला हवा, तहसीलदाराचा? आणि सार्यान तरी कुठे आर्मेनियात जन्मला? रशियात, डॉन नदीकाठच्या रोस्तोवजवळ, नोर नखिचेवानला!

कुंचलेकर
जन्मला तिकडे, पण १९२१ला बायकापोरांसह येरेवानला येऊन राहिला. पॅरिसला गेला, १९२८ला तिथे प्रदर्शन झालं, परतताना बोटीला आग लागून बहुतेक चित्रं जळाली. तरी परत आलाच. तुमचा आयवाझोव्स्की फिओदोसियाच्या स्टुडिओत बसून आठवणीतला समुद्र काढत राहिला.

लाटाप्रेमी
लाट काय पोज देऊन थांबते? आठवणीनंच काढावी लागते ती.

संग्रहालयी_उंदीर
न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमनं २०२३मध्ये आयवाझोव्स्कीच्या नावापुढचं ‘रशियन’ खोडून ‘युक्रेनियन’ केलं, आर्मेनियन लोक खवळले, मग काही आठवड्यांत ‘आर्मेनियन’ केलं. त्यांना एका फटक्यात जमलं नाही, ते तुम्हाला इथे जमणार?

बोर्डवाल्याचा_मुलगा
मूळ धागा सार्यानचा होता. कुणाला आठवतंय का?

पायी_भटक्या
आठवतंय हो. ‘कॅलेंडर’ शब्द मागे घेतला, १९१०ची गल्ली पाहिली, बरी आहे. ‘सरकारी’ मात्र ठेवतोय. स्वतंत्र आर्मेनियानंसुद्धा त्याला वीस हजार द्रामच्या नोटेवर बसवला होता, ते काय मी छापलं?

लाटाप्रेमी
बसवला *होता*. २०१८च्या नव्या मालिकेत त्याच वीस हजारावर कोण आहे बघा. आयवाझोव्स्की!

कुंचलेकर
ताई, नोटेवरून चित्रकार ठरवायचे असतील तर रिझर्व्ह बँकेत अर्ज करा.