रोमहर्ष आणि हॉरिपिलेशन: काटा एकच, नावं दोन

माझी भाची परदेशी शिक्षणाच्या प्रवेशपरीक्षेसाठी इंग्रजी शब्द पाठ करते आहे. परवा एक चिठ्ठी पुढे करून म्हणाली, ‘‘मामा, हॉरिपिलेशन म्हणजे काय, सांग.’’ हा शब्द माझ्या चांगला ओळखीचा आहे. संस्कृत ग्रंथांची जुनी इंग्रजी भाषांतरं वाचताना तो सारखा भेटतो. रोजच्या इंग्रजी बोलण्यात मात्र मी तो कधी ऐकलेला नाही. अर्थ अगदी घरगुती आहे: अंगावर काटा येणं.

पण शब्द फोडून पाहिला की खरी गंमत कळते. लॅटिनमध्ये ‘पिलुस’ म्हणजे केस आणि ‘होर्रेरे’ म्हणजे ताठ उभं राहणं, शहारणं. आता आपला ‘रोमहर्ष’ फोडा. रोम म्हणजे अंगावरची लव. हर्ष म्हणजे आनंद, असं आपण पटकन म्हणू. पण ‘हृष्’ या धातूला ताठ होणं, शहारणं हाही अर्थ आहे, आणि तो जुना आहे. हे ‘हृष्’ आणि ते ‘होर्रेरे’ एकाच मूळ धातूपासून आलेले आहेत, असं भाषाशास्त्र मानतं. म्हणजे हजारो मैलांच्या अंतरावर दोन भाषांनी तेच दोन तुकडे जोडून तोच शब्द घडवला.

पुढे मात्र वाटणी झाली. तिकडे त्या मुळातून हॉरर आणि हॉरिबल निघाले. इकडे हर्ष निघाला, आणि आपण मुलांची नावं हर्षद, हर्षदा, हर्षवर्धन ठेवू लागलो. शहारा एकच, त्यांच्या वाट्याला त्यातली भीती आली, आपल्या वाट्याला आनंद.

अर्थात आपल्याकडेही भीती पूर्ण पुसली गेली नव्हती. गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुन म्हणतो, ‘वेपथुश्च शरीरे मे रोमहर्षश्च जायते’. तो थरथरतो आहे, त्याला कसला आनंद! आणि शेवटच्या अध्यायात संजय तो सगळा संवाद ऐकून झाल्यावर त्याला ‘अद्भुतं रोमहर्षणम्’ म्हणतो. तिथे विस्मय आहे. शरीराच्या बाजूनं पाहिलं तर यात विसंगती नाही. केसाच्या मुळाशी इवलासा स्नायू असतो, तो आखडला की केस उभा राहतो. गारठा असो, भीती असो वा भीमसेनांचा लागलेला षड्ज, स्नायूचं काम तेच.

वापराबद्दल माझं एक ठाम मत आहे. हल्ली कुठलाही सामना शेवटच्या षटकापर्यंत गेला की तो रोमहर्षक होतो. माझ्या मते जिथे खरोखर मनगटावरची लव उभी राहते, तिथेच हा शब्द वापरावा. ‘पुलकित’चं तर आपण फारच नुकसान केलं. पुलक म्हणजेही रोमांच. पण आता सत्काराला उत्तर देताना वक्ता पुलकित होतो, म्हणजे नुसता खूश होतो. बोलीतला ‘काटा’ तेवढा अजून जिवंत आहे. त्याला धार आहे आणि तो टोचतो.

अनवट इंग्रजी शब्दांचा नाद मला यासाठीच लागला. ‘डिफेनेस्ट्रेशन’ घ्या: एखाद्याला खिडकीतून बाहेर फेकणं. 1618 साली प्रागच्या किल्ल्यात बादशहाचे दोन अधिकारी आणि त्यांचा चिटणीस असे तिघे खिडकीतून फेकले गेले. तिघेही वाचले, पण त्यातून तीस वर्षांचं युद्ध पेटलं. हे वाचताना मला आपला ‘कडेलोट’ आठवतो. रायगडाचं टकमक टोक ज्यानं वाकून पाहिलं आहे, त्याला अर्थ सांगावा लागत नाही. शिवाय आपला शब्द संयमाला आणि दुःखालाही लागू पडतो.

‘पेट्रिकोर’ आता बराच माहीत झाला आहे: पहिल्या पावसानंतरचा मातीचा वास. ऑस्ट्रेलियातल्या इझाबेल बेअर आणि रिचर्ड थॉमस या शास्त्रज्ञांनी तो 1964 साली घडवला. ग्रीक ‘पेट्रा’ म्हणजे खडक आणि ‘इकोर’ म्हणजे देवांच्या धमन्यांतून वाहणारा द्रव. कल्पना सुंदर आहे, पण कनौजचे अत्तरवाले हा वास त्याआधीपासूनच कुपीत भरून विकत होते. ‘मृद्गंध’ आपल्याकडे आहेच.

माझा सर्वांत लाडका शब्द मात्र ‘ॲप्रिसिटी’. हेन्री कॉकरॅमच्या 1623 सालच्या अवघड शब्दांच्या कोशात तो आहे, आणि त्यानंतर जवळजवळ कोणी वापरलेलाच नाही. अर्थ आहे हिवाळ्यातल्या उन्हाची ऊब. माझी आजी पौषात सकाळी ओसरीच्या पायरीवर पाठ उन्हाकडे करून बसायची. मांडीवर सूप, सुपात निवडायचे तांदूळ. ऊन सरकलं की तीही सूप घेऊन एक पायरी खाली सरकायची. हाक मारली की म्हणायची, ‘‘थांब रे, ऊन खाते आहे.’’

‘कोवळं ऊन’ म्हटलं तर त्यात वेळ येते, ऊब येतेच असं नाही. ‘ऊन खाणं’ ही क्रिया झाली. पाठीला लागणाऱ्या त्या ऊबेचं नाव मला अजून सापडलेलं नाही. खानदेशात, वऱ्हाडात थंडी जास्त कडक असते. तिथल्या बोलीत असा एखादा शब्द असेल तर जरूर सांगा. तो कोणाच्या तोंडून आणि कुठल्या गावी ऐकला, तेही लिहा.