यॉर्कच्या लेडी रो मधला वरचा मजला रस्त्यावर पुढे का आलाय?

भटकी_मुग्धा: गेल्या आठवड्यात इंग्लंडमधल्या यॉर्कला गेले होते, शॅम्बल्स या जुन्या गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती म्हणून गुडरमगेट या रस्त्याला वळले तर तिथे ही बुटकी दुमजली घरांची रांग, खाली दुकानं आणि वरचा मजला चक्क फुटपाथवर पुढे आलेला. १३१६ ची घरं आहेत ही! तो मजला पुढे का काढलाय, पडत कसा नाही? आणि बाकी इंग्लिश घरांना दिसतात तशी काळी लाकडं इथे का नाहीत?

लाकूडवेडा: त्याला जेटी म्हणतात. वरच्या जमिनीची आडवी लाकडं खालच्या भिंतीवर संपवायची नाहीत, दोनेक फूट बाहेर काढायची आणि वरची भिंत त्या टोकांवर उभी करायची. आता टोकाला भिंतीचं वजन बसलं की आतल्या बाजूला, जिथे माणसं वावरतात, तिथे लाकूड खाली झुकायच्या ऐवजी वर उचललं जातं, म्हणजे जमीन कमी हलते. वर जागा वाढते, दोन मजल्यांएवढे सलग खांब लागत नाहीत, शिवाय खालच्या भिंतीवर पाऊस कमी. ओक ओला असतानाच कापून जोडायचे, एकाला भोक दुसऱ्याला जीभ आणि आरपार लाकडी खुंटी, मग ते वाळताना आवळत जातं. मला तर हे बघताना त्या सुतारांचे पाय धरावेसे वाटतात.

काळ्या रंगाचं म्हणाल तर ती बरीचशी एकोणिसाव्या शतकातली फॅशन. ओक तसाच ठेवला तर राखाडी होतो. लेडी रो ची चौकट गिलाव्याखाली झाकलीये.

कोकणकन्या: खांबांच्या मधे काय भरायचे माहितीये का, आपला कूडच! आमच्या आजोळी कारवीच्या काठ्यांवर शेणमाती लिंपायचे, तिकडे हेझलच्या फांद्या विणून त्यावर चिखल, शेण आणि गवत. एवढ्या लांब जाऊन आजोळची भिंत भेटल्यासारखं वाटतं.

जुनी_पानं: ताई, घरं कुणासाठी बांधली ते पण बघा. मागे होली ट्रिनिटी चर्च आहे, त्याच्या आवारातच ही रांग बांधली आणि भाड्यातून तिथल्या मेरीच्या वेदीपाशी मृतांसाठी प्रार्थना म्हणणाऱ्या पाद्र्याचा खर्च चालायचा. देवळाच्या दिवाबत्तीला इनाम जमीन असायची ना, तसंच. मेरी म्हणजे 'अवर लेडी', म्हणून लेडी रो. एका घराला खाली एक खोली वर एक, साधारण १० बाय १५ फुटांची. सरदारांचे वाडे बरेच टिकतात हो, पण साध्या भाडेकरूंच्या खोल्या ७०० वर्षं उभ्या राहणं फार दुर्मिळ. टोकाचं एक घर मात्र गेलं, १७६६ मधे चर्चच्या आवाराची कमान केली तेव्हा.

भटकी_मुग्धा: अरे त्या कमानीसमोर उभं राहून मी फोटो काढला आणि आत गेलेच नाही!! आत गेलं तर घरांची मागची बाजू दिसते का?

जुनी_पानं: दिसते, आणि चर्चमधे जुनी पेटीसारखी बंद लाकडी बाकं पण आहेत. परत जाल तेव्हा तासभर हाताशी ठेवा.