मदत हवी आहे: माला-एन आणि छाया गोळ्यांचं वेळापत्रक बायकांना कसं समजावायचं?

नमस्कार ताईंनो, आमच्या बचत गटात बऱ्याच जणी आशाताईंकडून पाळणा लांबवायच्या गोळ्या घेतात, पण घ्यायच्या कशा यात प्रचंड गोंधळ आहे. माला-एनच्या पाकिटात २८ गोळ्या, त्यातल्या २१ हार्मोनच्या आणि शेवटच्या ७ लोहाच्या, या सातही घ्यायच्या आणि पाकीट संपलं की दुसऱ्या दिवशी लगेच नवीन सुरू करायचं, मध्ये गॅप नाही. पण कुणी त्या सात टाकूनच देतं, कुणी नवरा बाहेरगावी गेला की बंद आणि आला की परत चालू, आणि मग दिवस गेले की म्हणतात गोळीच खराब!

छायाचं तर अजून अवघड, पाळीच्या पहिल्या दिवशी सुरू, पहिले ३ महिने आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या वारी, नंतर आठवड्यातून एकदाच. शेजारणीचं बघून कुणी रोज घ्यायची माला-एनच आठवड्यातून दोनदा घेतंय, हे ऐकून मला खरंच धास्ती वाटली.

माला-एनची एक गोळी विसरली तर आठवल्याबरोबर घ्यायची, त्या दिवसाची पण घ्यायची, एवढं मी सांगते. पण लागोपाठ दोन-तीन चुकल्या तर सोप्या भाषेत काय सांगता तुम्ही? आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी चित्रांचा तक्ता कुणाकडे आहे का? आणि अंगावर पाजणाऱ्या किंवा बीपी असलेल्या बायकांना गोळी सुरू करण्याआधी काय काय विचारता तेही सांगा, नर्सताई कुणी असतील तर प्लीज लिहा.