सेल्फ-प्रेडिक्टिंग स्टोरेज : भाकीत, अंदाज की आडाखा?

पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात उर्सा मायनर नावाची स्टोरेज सिस्टीम बनवली होती, 2005 मध्ये तिच्यावर पेपर आला. तिच्याबद्दल मराठीत लिहितेय आणि 'सेल्फ-प्रेडिक्टिंग' या शब्दापाशी अडलेय. या सिस्टीमला आधीच विचारता येतं की हा डेटा आत्ता 3 कॉप्या करून ठेवलाय तो इरेजर कोडिंगने (म्हणजे तुकडे करून, काही तुकडे गेले तरी परत जुळवता येईल असा) ठेवला तर स्पीडला काय फरक पडेल, आणि डेटा न हलवताच ती उत्तर देते. 'स्वतःच्या कामगिरीचं भाकीत करणारी' चालेल का?

— भाकीत नको वाटतं. भाकीत म्हटलं की ज्योतिषी नाहीतर निवडणुका आठवतात, जे होईल ते होईल असं. इथे प्रश्न 'असं केलं तर काय होईल' हा आहे. सरळ अंदाज म्हणा, कुणालाही कळेल.

— अंदाज फारच सैल शब्द आहे हो, मीठसुद्धा आपण अंदाजानेच घालतो. ही सिस्टीम मोजून बोलते. स्टारडस्ट नावाचा तिचा भाग प्रत्येक रिक्वेस्टची नोंद ठेवतो, सीपीयू किती खाल्ला, नेटवर्कवरून किती गेलं, डेटा कॅशमध्ये (पटकन मिळणाऱ्या तात्पुरत्या साठ्यात) मिळाला की डिस्कपर्यंत जावं लागलं, आणि मग सीपीयू, नेटवर्क, कॅश, डिस्क यांची वेगवेगळी मॉडेलं त्यावरून हिशोब करतात. तुमचंच उदाहरण घ्या. 3 कॉप्यांना तिप्पट जागा लागते, तेच 5 तुकडे करून त्यातल्या कुठल्याही 3 वरून डेटा परत मिळेल असं ठेवलं तर पावणेदोनपटीहून कमी जागेत भागतं आणि दोन मशीन बंद पडली तरी डेटा जात नाही. पण मग वाचताना एकाऐवजी 3 मशीनकडे जावं लागतं, छोटे बदल लिहायला महाग पडतात. हे सगळं आधी ताडून बघणं म्हणजे आडाखा. आडाखा बांधावा लागतो, त्याला हातात काहीतरी आकडे लागतात. म्हणून 'स्वतःचे आडाखे बांधणारी सिस्टीम'.

— आडाख्याला माझंपण मत. जोडीला 'ताळा' पण घ्या, शाळेत गणिताचा ताळा करायचो तोच. याच कार्नेगी मेलनच्या लोकांचं 2008 चं आयर्नमॉडेल नावाचं काम तेच करतं, आडाखा आणि प्रत्यक्ष मोजमाप जुळत नसेल तर मॉडेल चुकलंय की सिस्टीममध्येच काही बिघडलंय ते शोधायचं.

— ताळा मस्तच, धन्यवाद! मग असं लिहिते : 'ही सिस्टीम स्वतःच्या वेगाचे आडाखे बांधते आणि त्यांचा ताळाही बघते.' वेग म्हटलं की थ्रूपुट (ठरावीक वेळात किती काम होतं) आणि लेटन्सी (एका रिक्वेस्टला किती वेळ लागतो) दोन्ही येतात का त्यात, की तिथे कामगिरीच ठेवू?