मदत हवी आहे : जर्मनीतील तात्पुरत्या दाखल्यावर चुकीच्या चौकोनात खूण, भारतात येऊन परत जाता येईल का?

नमस्कार मंडळी,

मी मूळची कराडची असून सप्टेंबर २०२३ पासून जर्मनीतील एका मध्यम आकाराच्या शहरात जलव्यवस्थापन या विषयात मास्टर्स करीत आहे. थोरल्या बहिणीचे लग्न डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आहे. त्यासाठी भारतात आले, तर परत जर्मनीत प्रवेश मिळेल की नाही, याचे खात्रीचे उत्तर मला गेल्या दोन आठवड्यांत कोणीही दिलेले नाही. प्रकरण किचकट आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

माझ्या निवास परवान्याच्या कार्डाची मुदत ३० सप्टेंबर २०२५ रोजी संपली. प्रबंधाचे काम लांबल्यामुळे मुदतवाढ लागणार हे आधीच दिसत होते, म्हणून १४ जुलै रोजीच मी येथील परदेशी नागरिक कार्यालयाच्या (सगळे त्याला आउसलेंडरबेहोर्डे असेच म्हणतात) संकेतस्थळावर अर्ज भरला. पासपोर्ट, विद्यापीठात प्रवेश चालू असल्याचा दाखला, अभ्यास समाधानकारक असल्याचे प्राध्यापकांचे पत्र, आरोग्य विमा, भाडेकरार आणि ब्लॉक्ड अकाउंटचा (राहण्याच्या खर्चाची रक्कम आधीच भरून ठेवायच्या खात्याचा) पुरावा, असे सगळे जोडले. २०२३ मध्ये येताना त्या खात्यात ११,२०८ युरो दाखवावे लागले होते. १ सप्टेंबर २०२४ पासून ती रक्कम ११,९०४ झाली, म्हणजे महिन्याला ९९२. नंतर कोणी खोट काढू नये म्हणून मी पूर्ण वर्षाची रक्कम दाखविली आणि त्यासाठी बाबांना सोसायटीकडून कर्ज काढावे लागले, हे येथे लिहायचे नव्हते, पण लिहून गेले.

अर्ज भरल्यावर दोन मिनिटांत अर्ज क्रमांक असलेला आपोआप निघणारा मेल आला आणि त्यानंतर ऑक्टोबरपर्यंत काहीही आले नाही. भेटीची वेळ सकाळी सातला संकेतस्थळावर उघडते आणि सात वाजून एका मिनिटाने संपलेली असते. फोन केला तर संगीत वाजते आणि वीस मिनिटांनी तो आपोआप कटतो. प्रत्यक्ष गेले, तर दारावरच्या सुरक्षारक्षकाने वेळ घेतली नसल्यास मेल करा असे लिहिलेला कागद हातात ठेवला. सरकारी काम आणि सहा महिने थांब ही म्हण आपल्याकडचीच असावी, असा माझा समज होता. कराडच्या तहसील कचेरीत निदान खिडकीपलीकडे माणूस बसलेला दिसतो, आणि त्याच्याशी हुज्जत तरी घालता येते.

अखेर ९ ऑक्टोबरला टपालाने फिक्शन्सबेशाइनिगुंग आले. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, की अर्जावर निर्णय होईपर्यंत तुमचे येथील राहणे कायदेशीर आहे असे सांगणारा हा घडीचा कागद असतो. आत तीन चौकोन असतात आणि त्यांपैकी एकात खूण केलेली असते. माझी खूण पहिल्या चौकोनात, म्हणजे निवास कायद्याच्या कलम ८१, उपकलम ३ समोर आहे. माझ्या वाचनाप्रमाणे ते उपकलम ज्यांच्याकडे आधी निवास परवानाच नव्हता, पण जे कायदेशीरपणे देशात होते, अशांसाठी आहे. माझ्याकडे वैध परवाना होता आणि अर्जही मुदतीत केला होता, त्यामुळे खूण तिसऱ्या चौकोनात, म्हणजे जुना परवानाच पुढे चालू असल्याचे मानणाऱ्या उपकलम ४ समोर हवी होती. पहिल्या चौकोनाची खूण असलेल्या कागदावर देशाबाहेर जाऊन परत येता येत नाही, तिसऱ्याची असेल तर येता येते. एवढ्याशा फुलीवर बहिणीच्या लग्नाला जाणे अडले आहे.

त्यातच मी ज्या कंपनीत आठवड्याला पंधरा तास काम करते, तेथील मनुष्यबळ विभागाने या चौकोनावर काम सुरू ठेवता येईल का अशी लेखी विचारणा केली आहे. मार्च २०२४ पासून विद्यार्थ्यांना वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करता येते, ती मर्यादा मी ओलांडलेली नाही. पण त्यांना कागद हवा आहे, आणि माझ्याकडे आहे तो कागद चुकीचा आहे.

दुरुस्तीसाठी मी तीन मेल केले, तिन्हींना आपोआप निघणारे उत्तर आले. आता मला हे विचारायचे आहे की, कायद्याने माझा जुना परवाना चालूच असेल, तर या चुकीच्या कागदावर प्रवास करण्याचे धाडस करावे का? कोणाच्या बाबतीत अशी दुरुस्ती झाली असल्यास ती कोणत्या मार्गाने आणि किती दिवसांत झाली? आणि समजा भारतात अडकलेच, तर पुढे काय करावे लागते? कृपया अनुभव असेल तरच सांगावे. काही होत नाही, बिनधास्त जा, असा सल्ला मला भरपूर मिळाला आहे.

प्रतिसाद :

तुमचे कायद्याचे वाचन बरोबर आहे. मुदत संपण्याआधी अर्ज पोहोचला की जुना परवाना निर्णय होईपर्यंत चालू राहतो आणि त्याबरोबर काम करण्याची परवानगीही पूर्वीच्याच अटींवर चालू राहते. हा परिणाम कायद्यानेच होतो, कागद फक्त त्याची साक्ष देतो. परंतु विमानतळावर तुमची गाठ कायद्याशी नव्हे, तर मुंबईच्या काउंटरवर बसलेल्या विमान कंपनीच्या कर्मचाऱ्याशी पडते. तो संगणकावर पाहतो, चौकोन पाहतो आणि शंका आली तर तुम्हाला विमानात चढू देत नाही. म्हणून दुरुस्ती होईपर्यंत प्रवास करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. अडकल्यास मुंबईच्या जर्मन वाणिज्य दूतावासाकडे पुन्हा राष्ट्रीय (म्हणजे दीर्घ मुक्कामाच्या) व्हिसाचा अर्ज करावा लागेल. त्यात किती आठवडे जातील याचा भरवसा कोणी देऊ शकत नाही, आणि तुमचा प्रबंध तेवढा थांबणार नाही.

मेल करणे आता बंद करा. २०२२ मध्ये माझ्या पत्नीच्या दाखल्यावरही असाच चुकीचा चौकोन आला होता आणि तो कागदी पत्रानेच सुटला. जर्मन भाषेत एक पानाचे पत्र लिहा. त्यात जुन्या कार्डाची मुदत, अर्जाची तारीख व क्रमांक आणि कोणत्या उपकलमाऐवजी कोणते हवे, एवढेच असावे. दुरुस्तीसाठी दोन आठवड्यांची तारीख घालून द्या आणि जुन्या कार्डाची व आलेल्या मेलची प्रत जोडा. रजिस्टर टपालाने पाठवा, म्हणजे पोहोचल्याची पावती राहते. लग्नपत्रिकेची प्रत जर्मन भाषांतरासह जोडा. हसू येईल, पण आमच्या फाइलमध्ये सासऱ्यांच्या शस्त्रक्रियेचे पत्र जोडल्यावरच फोन आला होता. त्याच वेळी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कक्षाला कळवा, कारण बहुतेक ठिकाणी त्यांच्याकडे त्या कार्यालयातील कोणाचा तरी थेट क्रमांक असतो. विद्यार्थी संघटनेचा वकीलही बहुधा मोफत सल्ला देतो. तरीही कोणी हलले नाही, तर प्रशासकीय न्यायालयात तातडीचा अर्ज करता येतो आणि पहिल्या पातळीवर वकील लागत नाही. आमच्यावर ती वेळ आली नाही. पत्रात त्याचा उल्लेख केला होता, तेवढा पुरला.

नवा कागद हाती आल्यावर तो, संपलेले कार्ड आणि पासपोर्ट तिन्ही एकत्र ठेवा. तिकीट शक्यतो मुंबई ते फ्रँकफुर्ट किंवा म्युनिक असे थेट काढा. मधल्या देशात विमान बदलताना हा कागद न ओळखणारा कर्मचारी भेटला, तर समजावण्यात अख्खे विमान सुटते.

धागाकर्ती :

मनःपूर्वक आभार. आज सकाळी पत्र टाकले, पावती जवळ आहे. आंतरराष्ट्रीय कक्षातील बाईंनी चौकोन पाहून कपाळाला हात लावला आणि उद्या त्या स्वतः फोन करणार आहेत. कंपनीला तुमच्या पहिल्या परिच्छेदातला मुद्दा आणि कलम जर्मनमध्ये लिहून पाठविले आहे. तिकीट मी कतारमार्गे काढले होते. ते रद्द केल्यास सुमारे दीडशे युरो जातात. थेट विमानाच्या तिकिटापेक्षा ते स्वस्त होते म्हणूनच घेतले होते, पण आता ते रद्द करावे असे वाटते. दाखला दुरुस्त होऊन आला तरी कतारमार्गे जाणे धोक्याचे ठरेल का, की तिसऱ्या चौकोनाची खूण असल्यास तेथे अडचण येत नाही? याविषयी कोणाचा अलीकडचा अनुभव असल्यास कृपया लिहावे, कारण रद्द करण्याची मुदत शुक्रवारी संध्याकाळी संपते.