मदत हवी आहे: शेअर दलाली संस्थेत लेखा विभागाची सुरुवात कुठून करावी?

यंदा बी.कॉम. झाल्यावर मुंबईतील एका मध्यम आकाराच्या शेअर दलाली संस्थेत मला लेखा विभागात नोकरी मिळाली आहे. रुजू होण्यापूर्वी दोन शाखांपैकी एक निवडायची आहे. पहिल्या शाखेत ग्राहकांची खाती, बँक व क्लिअरिंग कॉर्पोरेशनशी (शेअर व्यवहारांची पूर्तता करणाऱ्या संस्थेशी) रोजचा ताळमेळ आणि शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीच्या नियमांनुसार ग्राहकांची शिल्लक रक्कम ठरावीक मुदतीने परत करणे ही कामे आहेत. दुसरीत संस्थेचा स्वतःचा जमाखर्च, जीएसटी, टीडीएस व वार्षिक ताळेबंद.

एनआयएसएम या संस्थेच्या सिरीज ७ (शेअर व्यवहारांचे कामकाज व जोखीम व्यवस्थापन) परीक्षेचा अभ्यास मी सुरू केला असून टॅली चांगले येते. २०२३ पासून शेअर व्यवहारांची पूर्तता पूर्णपणे टी+१, म्हणजे व्यवहारानंतर एका कामकाजाच्या दिवसात, झाल्याने पहिल्या शाखेत चूक सुधारायला फारच थोडा वेळ मिळतो, हे मला समजते; तरी तिथेच या व्यवसायाचा गाभा शिकता येईल, असे मनापासून वाटते. मनुष्यबळ विभागाला विचारले, पण पुढे शाखा बदलता येईल का, याचे स्पष्ट उत्तर मिळाले नाही.

नोकरी सांभाळून सीएमए (कॉस्ट अकाउंटंट) अभ्यासक्रमाची इंटर परीक्षा करायची आहे, त्यामुळे रात्री उशिरापर्यंत थांबणे कठीण आहे. विक्रीच्या कामात रस नाही आणि दुसरी संस्था शोधण्याचा विचारही नाही.

दलाली संस्थेच्या लेखा विभागात प्रत्यक्ष काम केलेल्यांनी कृपया सांगावे: पहिल्या शाखेत दोन-तीन वर्षे काढल्यास तो अनुभव पुढे दलालीबाहेरच्या कंपन्यांत लेखा अनुभव म्हणून धरला जातो का, आणि तिथे संध्याकाळी साधारण किती वाजता सुटका होते?